एस. टी.ची जागा गेली तर कायदा उभा कोठें राहणार?

ता. ८ ऑक्टोबर २०२२ ची पहांट नाशिककर अजून विसरले नसतील. यवतमाळहून मुंबईस निघालेली एक खासगी बस औरंगाबाद रस्त्यावर मिरची हॉटेलच्या चौकांत मालमोटारीवर आदळली, तिनें पेट घेतला, आणि पहांटेच्या झोंपेंत असलेल्या उतारूंपैकीं बारा जण प्राणास मुकले. परवान्यांत जितकीं माणसें बसविण्याची मुभा होती त्याहून जास्त माणसें त्या गाडींत कोंबलेलीं होतीं, असें वर्तमानपत्रांतून छापून आलें. मुख्यमंत्री येऊन गेले, मदतीचे आंकडे जाहीर झाले, चार दिवस हळहळ झाली आणि पांचव्या दिवशीं जो तो आपापल्या कामाला लागला.

त्या वेळीं एक प्रश्न विचारावयाचा राहून गेला, तो आम्ही आज विचारतों. ही भरगच्च गाडी अर्धा महाराष्ट्र ओलांडून नाशकापर्यंत आली कशी? वाटेंत किती जिल्हे, किती नाके, किती अंमलदार लागले असतील! त्यांपैकीं एकालाही ती दिसली नाहीं काय? "अंमलदार पैसे खातात" एवढें बोलून मोकळे होणारे लोक पुष्कळ आहेत. आम्हांस तेवढ्यानें समाधान होत नाहीं. लांच खाणाऱ्यास शिक्षा झालीच पाहिजे. परंतु उद्यां एखादा धुतल्या तांदळासारखा स्वच्छ अंमलदार आणून मध्यरात्रीं त्या रस्त्यावर उभा केला, तर त्याला तरी ती गाडी अडवितां आली असती काय, हें आधीं पाहिलें पाहिजे.

कायदा काय म्हणतो तें वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. २०१९ सालीं त्यांत मोठी दुरुस्ती होऊन दंड वाढविण्यांत आले. त्याच दुरुस्तीनें कलम १९४-अ घातलें गेलें. परवान्यापेक्षां जास्त उतारू भरले तर दर जास्त उतारूमागें २०० रुपये दंड, असें तें कलम सांगतें. शिवाय जास्तीचे उतारू खालीं उतरवून त्यांच्यासाठीं दुसऱ्या वाहनाची सोय होईपर्यंत ती गाडी जागची हलूं द्यावयाची नाहीं, असेंही त्यांत लिहिलें आहे. आणखी कलम २०७ प्रमाणें विनापरवाना किंवा परवान्याची अट मोडून चालणारी गाडी अडकवून ठेवण्याचा अधिकार अंमलदारास आहे. कागदावर पाहिलें तर कायद्यांत कांहीं उणें नाहीं.

आतां हा कागद घेऊन आपला स्वच्छ अंमलदार रात्रीं दोन वाजतां फाट्यावर उभा आहे असें समजा. त्यानें बस थांबविली, माणसें मोजलीं, वीस जास्त निघालीं. त्यांत कडेवर लेंकरूं घेतलेली बाई आहे, मुंबईच्या दवाखान्यांत निघालेला म्हातारा आहे. ह्यांना उतरवावयाचें कोठें? अंधाऱ्या फाट्यावर? त्यांना पुढें न्यावयाचें कशांतून? आणि ही अडकविलेली गाडी उभी कोठें करावयाची? ह्या तीन प्रश्नांचें उत्तर ज्या अंमलदाराजवळ नाहीं, तो पावती फाडील आणि गाडी सोडून देईल. दुसरें करणार काय? आणि धन्यालाही तें ठाऊक असतें. वीस उतारूंचे दर माणशीं २०० प्रमाणें चार हजार रुपये होतात. तेवढे तर त्या जास्तीच्या उतारूंच्या भाड्यांतूनच निघतात.

ह्या तीनही प्रश्नांचें उत्तर महाराष्ट्रांत एकच आहे, आणि तें म्हणजे एस. टी. उतारू सुरक्षित उतरवावयाचे तर एस. टी.चें स्थानक पाहिजे. त्यांना पुढें न्यावयाचें तर एस. टी.ची गाडी पाहिजे. आणि पकडलेलें वाहन ठेवावयाचें तर कुंपण व पहारा असलेलें आवार पाहिजे, तें एस. टी.च्या आगाराचें. मोटार खात्यानें अडकविलेल्या गाड्या जवळच्या आगारांत नेऊन लावण्याची वहिवाट कित्येक ठिकाणीं आहे, ती ह्याचमुळें. सारांश, मोटार कायदा दिल्लीच्या पुस्तकांत छापलेला असला तरी महाराष्ट्रांत तो एस. टी.च्या जागेवर उभा आहे. ती जागा गेली कीं कायदा अधांतरीं लोंबकळला.

हें आमच्या कल्पनेंतलें नाहीं. २०२१ च्या ऑक्टोबर अखेरीस एस. टी.च्या कामगारांचा संप सुरू झाला. तो पुढें २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. तेव्हां सरकारनें काय केलें? नोव्हेंबर २०२१ मध्यें सरकारनें हुकूम काढून खासगी बसेस, शाळांच्या बसेस, एवढेंच नव्हे तर मालवाहू गाड्यांना सुद्धां उतारू नेण्याची मोकळीक दिली! मालाच्या गाडींत माणसें बसविणें हा एरव्हीं गुन्हा. ज्या सरकारनें तो गुन्हा पकडावयाचा त्याच सरकारनें त्यास परवानगी दिली, कारण एस. टी. थांबल्याबरोबर दुसरा इलाजच उरला नाहीं. एस. टी. नसेल तर सरकारला स्वतःचा कायदा स्वतःच्या हातानें खुंटीला टांगावा लागतो, हें तेव्हां सर्वांनीं डोळ्यांनीं पाहिलें. त्या संपांत कोणाचें बरोबर व कोणाचें चूक हा वाद आम्ही येथें उकरीत नाहीं. त्यांतून निघालेला हा एकच धडा पुढें ठेवतों.

त्याच २०२१ सालची नाशकाची दुसरी गोष्ट पाहा. १५ ऑगस्टपासून शहर पोलीस आयुक्तांनीं "हेल्मेट नाहीं तर पेट्रोल नाहीं" असा दंडक सुरू केला. हेल्मेट घालावें हें आम्हांस मान्य आहे. देशांत २०२२ सालीं रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं, त्यांत शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचीं होतीं. डोकें फुटल्यावर पश्चात्ताप करण्यापेक्षां तें झांकलेलें बरें. परंतु ह्या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवून पाहा. ऑगस्टांत भाजीची जुडी घेऊन निघालेल्या दुचाकीवाल्याला पंपावर अडविलें, आणि नोव्हेंबरांत मालमोटारींत माणसें भरण्यास मोकळीक दिली. एकट्या माणसाला अडविण्यास कांहीं लागत नाहीं, एक शिपाई आणि एक यंत्र पुरे. पन्नास माणसांची बस अडविण्यास मात्र स्थानक लागतें, आगार लागतें, दुसरी बस लागते. म्हणून कायदा हलक्यावर पडतो आणि जडाला सोडतो. मूळ कायद्यांत बिनहेल्मेटवाल्याला हजार रुपये दंड लिहिला आहे. तो स्वतःचें डोकें धोक्यांत घालतो. दुसऱ्याचें डोकें धोक्यांत घालून पैसे मिळविणाऱ्या बसच्या धन्याला मात्र त्या डोक्यामागें दोनशे! राज्य सरकारनें तडजोडीचे दर पुढें आपल्या मतानें ठरविले, तरी मूळ मापांतला हा पासंग तसाच राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

खासगी बसच्या धन्यांचा धंदा बंद करा असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांनीं परवान्याप्रमाणें चालावें एवढेंच म्हणणें आहे. कायद्यानें उतारूंच्या मोटारींचे दोन वर्ग केले आहेत. एका वर्गानें वाटेंत थांबे घेऊन, एकेका उतारूकडून तिकिट घेऊन लोकांची नेआण करावयाची. आपली लाल एस. टी. ह्या वर्गांतली. दुसरा वर्ग ठेक्याच्या गाड्यांचा. एका मंडळीनें ती गाडी मिळून ठरवावी, एका ठिकाणीं बसावें, दुसऱ्या ठिकाणीं उतरावें, वाटेंत कोणी चढावयाचें नाहीं व उतरावयाचें नाहीं. लग्नाचें वऱ्हाड किंवा यात्रेची मंडळी नेण्यासाठीं हा परवाना आहे. प्रत्यक्षांत काय चालतें तें मुंबई नाक्यावर किंवा द्वारकेवर संध्याकाळीं घटकाभर उभें राहिलें कीं कळतें. परवाना वऱ्हाडाचा आणि धंदा फुटकळ तिकिटांचा! एस. टी. स्थानकापासून २०० मीटरांच्या आंत खासगी वाहनांनीं उतारू भरूं नयेत असा दंडक आहे. तो पाटीवर लिहिलेला असतो आणि पाटीखालींच गाडी भरत असते.

ह्या अशा वेळीं एस. टी.चीं स्थानकें आणि आगार बळकट करणें हें सरकारचें पहिलें काम असावयास पाहिजे होतें. झालें काय? २०२५ सालीं राज्याच्या मंत्रिमंडळानें असें ठरविलें कीं, एस. टी. महामंडळाच्या ज्या जागा 'अतिरिक्त' आहेत त्या खासगी विकासकांना भाडेपट्ट्यानें द्यावयाच्या व पट्ट्याची मुदत ६० वर्षांवरून वाढवून ४९ अधिक ४९ अशी ९८ वर्षें करावयाची. जागा विकल्या नाहींत, मालकी महामंडळाचीच राहील, असें सांगण्यांत येतें. मालकी कागदावर राहील हें कबूल. पण ९८ वर्षें म्हणजे किती, ह्याचा विचार आमच्या वाचकांनीं करावा.

एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास सुटली. म्हणजे एस. टी.चें स्वतःचें वय अजून ऐंशीच्या आंत आहे, आणि तिच्या जमिनीचा पट्टा ९८ वर्षांचा! दुसऱ्या रीतीनें पाहा. २०२५ मधून ९८ वजा करा, १९२७ साल येतें. हिंदुस्थानांतील रस्त्यांची पाहणी करण्याकरितां बॅ. जयकरांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली गेली ती त्याच सालीं. तेव्हां १९३९ चा मोटार कायदा झालेला नव्हता, एस. टी. नव्हती, महाराष्ट्र राज्य नव्हतें. त्या वेळीं नाशकाच्या कोणा शहाण्यानें "शंभर वर्षांनीं ह्या गांवाला मोटारी उभ्या करण्यास अमुक इतकीच जागा लागेल, बाकीची अतिरिक्त आहे" असें लिहून दिलें असतें, तर आज आपण त्यास काय म्हटलें असतें? मग आजचे शहाणे २१२३ सालाचा हिशेब कोणत्या पोथींतून काढतात?

'अतिरिक्त' हा शब्दच आम्हांस खटकतो. जागा अतिरिक्त कशामुळें ठरते? गाड्या कमी झाल्या म्हणजे आगार मोकळें दिसतें. मोकळें दिसलें म्हणजे अतिरिक्त म्हणावयाचें. अतिरिक्त म्हटलें म्हणजे पट्ट्यानें द्यावयाचें. आणि पट्ट्यानें दिल्यावर पुढें गाड्या वाढवावयाच्या तर त्या लावण्यास जागा नाहीं म्हणून वाढवावयाच्या नाहींत! दावणीचे बैल विकून गोठा रिकामा झाला म्हणून गोठाही भाड्यानें देणाऱ्या कुणब्याला गांव काय म्हणेल? पुढच्या मृगाला बैल आणले तर तो ते बांधील कोठें?

सरकारपक्षाचें म्हणणें आम्ही लपवून ठेवीत नाहीं. तें असें कीं, एस. टी. तोट्यांत आहे, कामगारांचे पगार द्यावयाचे आहेत, नव्या गाड्या घ्यावयाच्या आहेत. शहराच्या मध्यभागीं लाखमोलाची जमीन पडून आहे, तिच्यांतून उत्पन्न काढलें तर बिघडलें काय? शिवाय मुदत लहान असली तर कोणी पैसे घालीत नाहीं. ह्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. जुन्या स्थानकांतून पावसाळ्यांत कसें उभें राहावें लागतें, तेथील मोऱ्यांची अवस्था काय असते, हें आमच्या बायाबापड्यांना कोणी सांगावयास नको. चांगली इमारत झाली तर आम्हांस आनंदच आहे.

परंतु तोटा झाला कशामुळें हेंही सांगा. एस. टी. पेठ आणि सुरगाण्याच्या डोंगरांत जाते. तेथें भाडें निघत नाहीं म्हणून खासगी धनी जात नाहीं. शाळेच्या मुलीला, म्हाताऱ्याला, आजाऱ्याला ती सवलतीनें नेते. २०२२ पासून ७५ वर्षांवरील म्हाताऱ्यांना ती फुकट नेते, २०२३ पासून बायकांना अर्ध्या तिकिटांत नेते. हें सर्व सरकारच्या हुकमानें. त्याचे पैसे सरकारनें वेळच्या वेळीं चुकते करावयाचे असतात. आणि ह्याच एस. टी.च्या तिकिटावर सरकार वर्षानुवर्षें शेंकडा साडेसतरा प्रवासी कर घेत आलें आहे! म्हणजे गाईला माळावर पाठवावयाचें, दूध आपण काढावयाचें, आणि गाय भाकड म्हणून गोठा दुसऱ्याला द्यावयाचा. तोट्याचा हिशेब मांडावयाचा असेल तर ह्या सर्व रकमा एका पानावर मांडा आणि मग रयतेला जाब विचारा.

ह्या जमिनी एस. टी.ला मिळाल्या कशा तेंही विसरूं नये. मार्ग परिवहन महामंडळांचा कायदा १९५० सालचा. त्या कायद्याखालीं उभ्या राहिलेल्या महामंडळाकडे तालुक्याच्या गांवच्या मोक्याच्या जागा आल्या. कांहीं सरकारनें दिल्या, कांहीं संपादन करून घेतल्या. संपादन करतांना जमीनधन्याला काय सांगितलें? सार्वजनिक काम आहे, लोकांच्या गाड्या उभ्या राहतील, असेंच ना? त्या शब्दावर त्यानें जमीन सोडली. आज त्याच जमिनीवर दुकानांचे गाळे आणि वर सदनिका उभ्या राहणार असतील, तर त्याच्या नातवाला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे.

नाशिक जिल्ह्यापुरतें पाहिलें तर हा प्रश्न अगदीं दाराशीं आला आहे. नाशकांत जुनें मध्यवर्ती स्थानक, ठक्कर बाजार, मेळा स्थानक, महामार्ग स्थानक, निमाणी, नाशिकरोड अशीं स्थानकें आहेत. जिल्ह्यांत मालेगांव, मनमाड, सटाणा, कळवण, येवला, नांदगांव, सिन्नर, इगतपुरी, लासलगांव, पेठ येथें आगार आहेत. २०२१ च्या जुलैपासून शहरांतली बससेवा महानगरपालिकेच्या परिवहन महामंडळाकडे गेली, म्हणून एस. टी.ला शहरांत एवढी जागा कशाला, असें म्हणणारे लोक निघतील. त्यांस आम्ही २०२७ च्या सिंहस्थाची आठवण देतों. २०१५ च्या सिंहस्थांत बाहेरगांवच्या गाड्या शहराबाहेर थांबवून यात्रेकरूंना एस. टी.नें आंत आणण्याची व्यवस्था होती. ती व्यवस्था मोकळ्या आवारांवर व एस. टी.च्या गाड्यांवर चालली. सिंहस्थ बारा वर्षांनीं येतो. ९८ वर्षांच्या एका पट्ट्यांत आठ सिंहस्थ येऊन जातील. त्या आठ वेळां यात्रेकरू कोठें उतरावयाचे, हें पट्ट्याच्या कागदावर कोठें लिहिलें आहे काय?

एस. टी.च्या हातून अपराध होत नाहींत असें आमचें म्हणणें नाहीं. २८ जानेवारी २०२० रोजीं मालेगांव-देवळा रस्त्यावर मेशी फाट्याजवळ एस. टी.ची बस व रिक्षा यांची टक्कर होऊन दोन्ही विहिरींत पडल्या आणि २५ च्या वर माणसें गेलीं. त्या विहिरीचें स्मरण झालें कीं आजही अंगावर कांटा येतो. एस. टी.ची मोडकी गाडी रस्त्यावर आली तर तिलाही कायदा लागू झालाच पाहिजे. ह्याच कायद्यांत त्यासाठीं एक पान आहे, पण तें फारसें कोणी उघडीत नाहीं. कलम २१०-ब सांगतें कीं, हा कायदा चालविणाऱ्या अधिकाऱ्यानेंच तो मोडला तर त्यास दंड दुप्पट. कलम १९८-अ सांगतें कीं, रस्ता ठरलेल्या मापानें न बांधल्यामुळें किंवा न राखल्यामुळें माणूस मेला वा पंगु झाला, तर जबाबदार अधिकारी, ठेकेदार किंवा सल्लागार यास एक लाख रुपयांपर्यंत दंड. आमच्या वाचकांनीं आपापल्या गांवीं चौकशी करावी. हेल्मेटच्या पावत्या किती निघाल्या ती संख्या लगेच मिळेल. खड्ड्याबद्दल ठेकेदारास १९८-अ खालीं दंड झाल्याचें उदाहरण कोणी ऐकलें आहे काय, तें विचारून पाहावें. पुस्तक एकच, पण रयतेचीं पानें चाळून चाळून मळलीं आहेत आणि अधिकाऱ्याचीं पानें कोरीं करकरीत आहेत.

आतां दोन शब्द आमच्या स्वतःच्या लोकांस. वाचकहो, राग मानूं नका. काळ्यापिवळ्या जीपच्या मागल्या पायरीवर लोंबकळत कोण जातें? आपण. एस. टी. पंधरा मिनिटांनीं येणार असतां धीर न धरतां भरल्या गाडींत कोंबून घेतें कोण? आपण. पोरगा दहावींत गेला म्हणून त्याच्या हातांत मोटारसायकल देऊन कौतुक करतें कोण? आपणच. कलम १९९-अ प्रमाणें अशा पोराच्या हातून गुन्हा झाला तर बापाला किंवा गाडीच्या धन्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे, हें किती बापांना ठाऊक आहे? आपलें स्थानक आपण पानाच्या पिंका मारून घाण करतों आणि मग तें दुसऱ्यानें ताब्यांत घेतलें म्हणजे गळा काढतों. जी वस्तु आपली म्हणून आपण राखीत नाहीं, ती दुसरा आपली म्हणून उचलतो. बैल गेला नि झोंपा केला असें होऊं द्यावयाचें नसेल, तर आधीं आपली नजर स्थानकाकडे वळली पाहिजे.

करावें काय? आमच्या मागण्या चारच आहेत आणि त्यांपैकीं एकही अशक्य नाहीं.

पहिली. एस. टी.च्या कोणत्याही जागेचा पट्टा होण्यापूर्वीं त्या जागेचा नकाशा, क्षेत्र, पट्ट्याची रक्कम व मुदत हीं मराठींत छापून त्याच स्थानकांत व तालुक्याच्या कचेरींत लावावींत आणि लोकांच्या हरकती ऐकून घ्याव्यात.

दुसरी. जमिनीची पातळी गाड्यांची. बसेस उभ्या राहण्याची जागा, दुरुस्तीचें आवार, उतारूंची ओसरी, आणि मोटार खात्यानें अडकविलेल्या गाड्या ठेवण्यास राखीव पट्टी ही पुढील वाढीचा विचार करून आधीं बाजूला काढावी. उरेल त्यावर मजले चढवून भाडें खुशाल घ्यावें.

तिसरी. पट्टा ९८ वर्षांचा नको. आणि मोठ्या जागेचा पट्टा मंत्रिमंडळाच्या एका बैठकींत न होतां विधिमंडळापुढें मांडून, चर्चा होऊन व्हावा, अशी तरतूद कायद्यानें करावी. रयतेची इस्टेट रयतेच्या प्रतिनिधींच्या डोळ्यांदेखत द्यावी.

चौथी. रात्रींच्या तपासणीच्या वेळीं प्रत्येक मोठ्या मार्गावरील आगारांत एक जादा एस. टी. चालक-वाहकासह तयार ठेवावी. १९४-अ खालीं गाडी अडविली कीं उतारू त्या एस. टी.नें पुढें जावेत आणि तिचें भाडें गुन्हेगार गाडीच्या धन्याकडून वसूल व्हावें. मग दोनशे रुपयांचा दंड हंसण्यावारी नेणारा धनी पुढल्या वेळीं एक माणूस जास्त घेतांना दहादां विचार करील.

ह्या मागण्या आमदारांपुढें जाऊन सांगा. निवडणुकीच्या वेळीं ते स्थानकासमोरच सभा घेतात. तेव्हां त्यांना मागें वळून पाहावयास सांगा आणि विचारा, "दादा, हें आवार पुढल्या खेपेला असणार कीं नाहीं?" जो सरळ उत्तर देईल त्याचें नांव लक्षांत ठेवा. जो टाळील त्याचेंही ठेवा.

महाराष्ट्रांत रस्त्यांवर वर्षाला पंधरा हजारांच्या वर माणसें मरतात. त्यांत विमानानें फिरणारे नसतात. पायीं जाणारे, दुचाकीवरचे आणि कोंबलेल्या गाडींतले असतात, म्हणजे आमचेच असतात. त्यांना वांचविण्यास नवा कायदा नको आहे. आहे तो कायदा धन्याच्या गाडीपर्यंत पोहोंचला पाहिजे, आणि पोहोंचण्यासाठीं त्याच्या पायांखालीं जमीन पाहिजे. ती जमीन आज एस. टी.च्या नांवावर आहे. मिरची चौकांत त्या पहांटे जीं बारा माणसें गेलीं, त्यांना वाटेंत कोठें तरी उतरवून घेणारें एक उघडें स्थानक आणि पुढें नेणारी एक उभी एस. टी. मिळाली असती, तर त्यांतील कांहीं तरी आज घरीं असतीं. ९८ वर्षांच्या कागदावर सही करणाऱ्यांनीं सही करण्यापूर्वीं एवढें आठवावें, आणि रयतेनें त्यांना तें आठवावयास लावावें.